नऊ तारखेचं रेकॉर्डिंग

ज्योत्स्नावहिनींनी तो रेकॉर्डर हातरुमालात गुंडाळून आणला होता. शनिवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. मी दार उघडलं तर त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या. आत या म्हटलं तरी चपला काढायला त्यांनी वेळ घेतला. हेमंतला जाऊन बावीस दिवस झाले होते. त्या बावीस दिवसांत आम्हीच त्यांच्याकडे जात होतो. त्या पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या.

सोफ्याच्या कडेला टेकून त्यांनी रुमाल उघडला. बोटभर लांबीचा, करड्या रंगाचा रेकॉर्डर, एका कोपऱ्याला रंग उडालेला.

"कंपनीतून यांची बॅग परत आली ना, तिच्यात होता," त्या म्हणाल्या. "डब्याच्या पिशवीत."

मी तो लगेच हातात घेतला नाही. प्लांटमधल्या प्रत्येकाने तो हेमंतच्या खिशात पाहिला होता.

वहिनी म्हणाल्या, आप्पांना मुलाचा आवाज ऐकायचाय. आप्पा म्हणजे हेमंतचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनांच्या आवाजात तीस वर्षं काढून त्यांचे कान गेलेले. रेकॉर्डरचा स्पीकर नखाएवढा, तो कानाशी धरला तरी त्यांना काही कळत नव्हतं. इअरफोन घालून दिले तर नुसती घरघर येते म्हणाले.

"तुमच्याकडे ते मोठे स्पीकर आहेत ना भावोजी, त्यांना हा जोडता येईल का?"

येईल, मी म्हटलं. एक वायर लागेल, ती बाजारातून आणतो. उद्या रविवार आहे, आप्पांना घेऊन या.

"मग आजच ठेवून जाते. तुम्ही जोडून बघा." त्यांनी रेकॉर्डर टीपॉयवर ठेवला आणि रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली. नीलम, माझी बायको, चहा टाकते म्हणाली, पण त्या थांबल्या नाहीत. दारात वळून म्हणाल्या, "सगळं नीट ऐका हं. कुठं खराब वाटलं तर सांगा."

हेमंत चाळके आणि मी एकाच वर्षी कंपनीत लागलो. घाटाखालची आमची औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती. आठ-दहा कारखाने, मध्ये भातशेती. मी डिप्लोमा केलेला, म्हणून पुढे शिफ्ट इन्चार्ज झालो. तो आयटीआयचा, तो सीनियर ऑपरेटर झाला. हुद्द्यात फरक पडला तरी तो मला चारचौघांत 'खातूसाहेब' आणि एरवी 'जगदीश' म्हणायचा. त्याच्या गावी गणपतीला मी दरवर्षी जायचो. आप्पा मला अरेतुरे करत, माझ्या ताटात स्वतःच्या हाताने मोदक वाढत.

हेमंतचं अक्षर फार वाईट होतं. रोजच्या फेरीच्या नोंदी तो लिहायचा त्या त्यालाच वाचता यायच्या नाहीत. म्हणून त्याने तो रेकॉर्डर घेतला. शर्टाच्या खिशात चालू करून ठेवायचा आणि फिरताना बोलत राहायचा, अमुक पंपाला गळती, तमुक व्हॉल्व्ह घट्ट. संध्याकाळी ऐकून मग सावकाश वहीत उतरवायचा. पोरं चेष्टा करायची, त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

नऊ फेब्रुवारीला तो तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये उतरला. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन माणसांच्या उंचीची बंद टाकी, वरून एक भोक, शिडी लावून आत जायचं. साफसफाईनंतर आतून तपासायची होती. टाकीत नायट्रोजन राहिला होता. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस दोन श्वास घेतो आणि खाली बसतो. वरच्या मदतनिसाने हाक मारली तेव्हा हेमंत तळाशी भिंतीला टेकून बसलेला होता, विश्रांती घेत असल्यासारखा.

आत जाण्याआधी हवेत ऑक्सिजन किती आहे ते मीटरने मोजायचं आणि परवान्याच्या कागदावर शिफ्ट इन्चार्जने सही करायची, असा नियम. कंपनीने चौकशीसाठी माझं म्हणणं लिहून घेतलं. मी लिहिलं, चाळके परवान्याची वाट न बघता आत गेले.

त्या शनिवारी मी बाजारात जाऊन वायर आणली. एका टोकाला इअरफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी. होम थिएटर मी आदल्याच दिवाळीला घेतलं होतं. पाच स्पीकर भिंतींवर खिळे ठोकून बसवले होते आणि लाकडी खोक्यासारखा वूफर टीव्हीखाली. मी मागच्या बाजूला ऑक्स लिहिलेल्या भोकांत लाल आणि पांढरी पिन खोचली, बारीक पिन रेकॉर्डरमध्ये. वूफरमधून गुणगुण आली. पिन जरा आत दाबली तशी थांबली.

रेकॉर्डरमध्ये शेहेचाळीस नोंदी होत्या. मी पहिली लावली आणि दचकून मागे वळलो. आमच्या हॉलमध्ये प्लांट सुरू झाला होता. ब्लोअरचा घोंघाट डावीकडून, वाफेची फुसफूस मागून, लोखंडी जिन्यावर बुटांचे आवाज, आणि या सगळ्याच्या मधोमध हेमंत. "पंप पाच, ग्लँडमधून थेंब थेंब. उद्या पॅकिंग बदलायचं." इतका जवळ, की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मी दोन-चार ऐकल्या. मग थेट शेवटच्या नोंदीवर गेलो. तिच्यावर नऊ तारीख होती, एकोणीस मिनिटं.

सतरा मिनिटं नेहमीचंच होतं. मग बूट थांबले.

"जगदीश, टेस्ट झाली का रे?"

"झाली, झाली. एकवीस टक्के आहे."

"मीटर तर कुठं दिसत नाही."

"अरे, मी सांगतोय ना. कागद मागाहून पाठवतो. दहा मिनिटांचं काम आहे, वरून सकाळपासून तीन फोन आलेत."

ब्लोअरचा आवाज. कुणीतरी लांबून हाक मारली.

"बरं," हेमंत म्हणाला. "तू सांगतोयस म्हणजे झालं. खिसा रिकामा करतो." खसखस झाली, आणि खट् करून सगळं बंद पडलं.

मीटर तीन दिवसांपूर्वी दुरुस्तीला गेला होता. टेस्ट झालीच नव्हती.

मी मागे बघितलं तर नीलम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं की पुरेसा वेळ.

"हे आणखी कुणी ऐकलंय?" तिने विचारलं.

"नसेल. आप्पांना तर ऐकूच येत नाही."

"आणि त्या?"

"त्या काही बोलल्या नाहीत."

 ती आत गेली आणि नळ सोडून हात धुऊ लागली. बराच वेळ नळ वाहत होता. मी रेकॉर्डर हातात घेतला. पुसायचं बटण दाबून धरावं लागतं. मग पडद्यावर तो विचारतो, नक्की का. मी होय म्हटलं. त्याला दोन सेकंद लागले. पंचेचाळीस नोंदी उरल्या.

रविवारी दोघं अकराला आले. आप्पांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती. मी त्यांना वूफरजवळ खुर्ची दिली. आवाज शेजाऱ्यांना जाईल एवढा वाढवला आणि एकेक नोंद लावत गेलो.

आप्पा सुरुवातीला नुसते बसून राहिले. मग त्यांनी हात पुढे करून तळवा वूफरच्या लाकडावर ठेवला. हेमंत व्हॉल्व्हचे नंबर सांगत होता. एका ठिकाणी खोकला, एका ठिकाणी कुणाशी तरी हसला. एका नोंदीत तो कुणाला तरी सांगत होता, आमच्या समिधाला गणितात बेचाळीस पडले पन्नासपैकी, माझ्यावर नाही गेली ते बरं झालं. आप्पा हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते.

"स्वच्छ येतोय रे," ते मला म्हणाले. "समोर उभा असल्यासारखा."

वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. मी नोंद बदलली की त्या रेकॉर्डरच्या पडद्याकडे बघत. सगळं ऐकून व्हायला दोन तास लागले असतील. नीलमने दोनदा चहा आणला. शेवटची नोंद संपली, स्पीकरमधून नुसती बारीक सरसर येत राहिली, आणि मी आवाज कमी केला.

"त्याच्या पुढचं लावा, भावोजी."

"एवढंच आहे, वहिनी."

"नऊ तारखेचं आहे ना एक. एकोणीस मिनिटांचं."

आप्पा अजून वूफरवर हात ठेवून बसले होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. वहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव विचारतात तसा.

मी आवाजाचं बटण आणखी खाली केलं.

"मी ऐकलंय ते," त्या म्हणाल्या. "बॅग आली त्याच दिवशी. नंतर आणखी दोनदा. माझा भाऊ म्हणाला, कॉम्प्युटरवर उतरवून ठेव. मी त्याला नको म्हटलं. म्हटलं, भावोजी तसे नाहीत. घाईत एक शब्द तोंडातून गेला असेल त्यांच्या. आप्पांच्या समोर ते स्वतः लावतील, आणि स्वतः सांगतील. त्याशिवाय आप्पांना खरं वाटायचं नाही."

दारात नीलम उभी होती. ती ट्रे घेऊन आत निघून गेली.

"वहिनी," मी म्हटलं, "माझ्या हातून चुकून..."

"काल मी तुम्हाला सगळं नीट ऐका म्हटलं होतं. तुम्ही ऐकलंत."

त्या उठल्या आणि रेकॉर्डरची पिन त्यांनी स्वतःच उपटली. वूफर मोठ्याने भुणभुणला. आप्पांनी दचकून हात काढला आणि विचारलं, "संपलं?"

"संपलं, आप्पा," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "चला."

जिन्यावरून उतरताना आप्पांनी माझा खांदा धरला होता. खाली रिक्षाजवळ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, उपकार झाले रे जगदीश, फार उपकार झाले. वहिनी रिक्षात बसून समोर बघत होत्या.

सरकारी चौकशी एप्रिलमध्ये झाली. वहिनी भावाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी रेकॉर्डिंगचं सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. अधिकारी सभ्य माणूस होता, त्याने त्यांना मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, ते रेकॉर्डिंग कुठे आहे? पुसलं गेलं, वहिनी म्हणाल्या, यांच्याकडे दिलं होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही ऐकलं होतंत?"

"मी सगळं ऐकलं," मी म्हटलं. "त्यात असं काही नव्हतं."

कारकुनाने ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि बरोबर आहे का विचारून सही घेतली. दोन महिन्यांनी अहवाल आला, तो हेमंतच्या विरुद्ध. वहिनींना कंपनीत घ्यायचं चाललं होतं ते त्यामुळे बारगळलं. त्या समिधाला घेऊन गावी गेल्या आणि काजूच्या कारखान्यात लागल्या. दिवसभर काजूच्या टरफलांच्या तेलात हात.

चौकशी झाली तेव्हा मला वाटलं, आता संबंध संपला. पण मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारीच, म्हणजे अहवाल यायच्याही आधी, आप्पा एकटे दारात उभे राहिले होते. पहाटेची एसटी धरून आले होते. वरच्या खिशातून त्यांनी रेकॉर्डर काढला आणि म्हणाले, पुन्हा एकदा लावतोस का? तुझ्याकडच्या पेटीतच मला कळतो तो.

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते येऊ लागले. वहिनींनी त्यांना अडवलं नाही, काही सांगितलंही नाही. मुद्दाम की आप्पांची दया येऊन, हे मला कधी कळलं नाही. मी लाल आणि पांढरी पिन खोचायचो, आप्पा वूफरवर हात ठेवायचे. दोन तास. मग आमच्याकडे जेवायचे आणि तीनच्या गाडीने परत. नीलमने काही महिन्यांनी रविवारी माहेरी जायला सुरुवात केली, पण दर वेळी ते जमायचं नाही. हेमंतची वाक्यं मला पाठ झाली होती. प्लांटमध्ये पंप पाचजवळून जाताना माझ्या तोंडात यायचं, ग्लँडमधून थेंब थेंब.

असं पावणेदोन वर्षं चाललं.

त्या रविवारी ऐकून झाल्यावर आप्पा उठले नाहीत. म्हणाले, "जगदीश, एक विचारू? गावात त्या दिवशी ज्योत्स्नाचा भाऊ कुणाशी तरी भांडत होता. मला नीट ऐकू आलं नाही, पण त्यात तुझं नाव होतं. आणि ह्या यंत्रात आणखी एक होतं म्हणत होता. मी ज्योत्स्नाला विचारलं. ती म्हणाली, खातूंनाच विचारा."

नीलम त्या दिवशी घरी होती.

समोर अधिकारी नव्हता, कारकून नव्हता. मला खोटं बोलायचं असतं तर दोन शब्द पुरले असते. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलो, तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं आणि सांगितलं. त्यांना कळलं नाही. मी मोठ्याने सांगितलं. मीटर दुरुस्तीला गेला होता. टेस्ट झाली नव्हती. हेमंतने मला विचारलं. मी झाली म्हटलं. प्रत्येक वाक्य दोन-दोनदा ओरडून सांगावं लागत होतं. नीलम आली आणि तिने गॅलरीचं दार लावून घेतलं.

"ते ह्याच्यात होतं?" आप्पांनी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं.

"होतं. मी पुसलं."

"त्याचा आवाज होता त्यात?"

"होता, आप्पा."

"काय म्हणाला तो? शेवटचं?"

मी सांगितलं. बरं, तू सांगतोयस म्हणजे झालं. तेही दोनदा ओरडून सांगितलं.

 मी म्हटलं, मी उद्याच चौकशीच्या साहेबांकडे जातो, लिहून देतो सगळं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. मी पुढे साहेबांकडे गेलोही नाही. मग त्यांनी पहिल्यापासून लावायची खूण केली. मी लावलं. पुन्हा दोन तास. या वेळी त्यांनी हात मांडीवरच ठेवले होते. जेवणाची वेळ टळून गेली. तीनची गाडीही गेली असणार.

संपल्यावर ते टोपी नीट करून उठले. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला एवढा प्रवास नको आता. हे सगळं काढून मी तुमच्या घरी बसवून देतो. वायर कुठली कुठे ते वहिनींना दाखवतो." हेही ओरडून.

त्यांनी रेकॉर्डर खिशात ठेवला आणि वरून खिसा दाबून बघितला.

"नको," ते म्हणाले. "तुमच्याकडेच ऐकीन मी."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं.

त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले आणि एकही रविवार चुकवला नाही. पावसात गाड्या बंद झाल्या तेव्हा दूधवाल्याच्या टेम्पोतून आले. यायचे, खुर्चीत बसायचे. नीलम समोर पाणी ठेवायची, ते पेल्याला हात लावायचे नाहीत. जेवण तर नाहीच. माझ्या वायर जोडून होईपर्यंत भिंतीकडे बघत बसायचे.

"लावा," एवढंच म्हणायचे.